मानेवर मुरवलेला दागिना

"दागिना म्हणजे माणसाच्या शरीराला विचारलेला प्रश्न आहे," लोखंडशेठ म्हणाले, आणि तो प्रश्न बायकोच्या हनुवटीखाली अडकून बसला.

त्यांनी तो जरा डावीकडे फिरवला, मग जरा उजवीकडे. प्रश्न खाली उतरेना. जुन्या पिंपाच्या काठातून कापून काढलेलं ते रुंद, गंजलेलं कडं होतं आणि त्याला सिमेंटच्या पाकळ्या बसवलेल्या होत्या. बायकोच्या मानेचं माप घेऊन, वर्षभर खपून त्यांनी ते घडवलं होतं. पण माप घेतलं तेव्हा ती मान मोकळी होती. आता तिच्याभोवती औषधांच्या दुकानातून आणलेला पांढरा स्पंजाचा पट्टा होता, हनुवटीपासून गळ्याच्या खळीपर्यंत. आणि प्रश्न कितीही मोठा असला तरी त्या पट्ट्यापुढे त्याचं काही चालत नव्हतं.

"पट्टा काढून घाला," बायको, म्हणजे सगळ्यांच्या वहिनी, म्हणाल्या. "तासाभरानं काय होतंय?"

"डॉक्टर काय म्हणाले ते ऐकलंस ना?"

"डॉक्टर इथं कुठं आहेत?"

लोखंडशेठनी पट्ट्याचं टोक दोन बोटांत धरलं. जरा वेळ तसंच धरून ठेवलं. मग त्यांचा हात थरथरायला लागला, हल्ली लागायचा तसा, आणि त्यांनी तो खिशात घातला. कडं उचलून प्रदर्शनाच्या गॅलरीतल्या भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलं आणि पाठ फिरवून उभे राहिले.

वहिनी खऱ्या म्हणजे एकट्या धाकट्या दिराच्याच वहिनी. पण त्याचं दुकान सोन्याच्या दुकानांच्या गल्लीत अगदी तोंडाशी होतं आणि कुठलाही व्यवहार टाळायचा असला की तो "वहिनींना विचारून सांगतो" म्हणायचा. त्यामुळे सगळी गल्ली त्यांना वहिनी म्हणू लागली होती. लोखंडशेठ हे नावही गल्लीनंच ठेवलेलं. थोरल्यानं तरुणपणी एके दिवशी वडिलांच्या दुकानात कानस खाली ठेवली आणि जाहीर केलं, की यापुढे आपण सोन्याला हात लावणार नाही. सोन्याला फक्त स्वतःची किंमत सांगता येते, आपल्याला बोलणारी वस्तू घडवायची आहे. वडिलांनी चष्म्यावरून पाहत विचारलं होतं, "ती गिऱ्हाइकाशी काय बोलणार?" त्याचं उत्तर तेव्हा द्यायचं राहिलं ते राहिलंच. तेव्हापासून सायकलची साखळी, छपराची पन्हळ, अपघातात फुटलेल्या गाड्यांच्या काचा, रस्त्यावरचं डांबर असल्या गोष्टींतून ते गळ्यातले दागिने करत आले होते. बाहेरच्या जगात या प्रकाराला कलादागिने म्हणतात. त्यावर जाडजूड पुस्तकं निघतात, संग्रहालयं ते काचेआड ठेवतात. गल्लीत त्याला "दादाचं सामान" म्हणत.

लोखंडशेठचा एक नेम होता. दागिना घडवून झाला म्हणजे तयार झाला, असं ते मानत नसत. तो मानेवर मुरला पाहिजे. अंगाची ऊब आणि घाम लागून धातूची धार मरते, गंजाला रंग चढतो, मगच वस्तूचा दागिना होतो, असं त्यांचं म्हणणं. त्यासाठी मान लागते. स्वतःची मान त्यांना दिवसभर कामावर वाकवावी लागे, तेव्हा ती हिशेबात धरलेली नव्हती. घरात दुसरी एकच होती.

मग वहिनी कांदा चिरायच्या तेव्हा गळ्यात पन्हळ असायची. कपडे वाळत घालायच्या तेव्हा साखळी. शेजारीण साखर मागायला आली की आधी दारातून डोकावून, आज काय आहे ते बघून घ्यायची आणि त्या मानानं अंतर ठेवून उभी राहायची. प्रदर्शनातही लोखंडशेठनी कधी दागिने भिंतीला टांगले नाहीत. मधोमध एक खुर्ची, खुर्चीवर वहिनी, आणि लोखंडशेठ एकेक दागिना त्यांच्या गळ्यात चढवत, उतरवत. "बाकीच्यांच्या कलेला भिंत पुरते," ते म्हणत, "माझ्या कलेला जिवंत माणूस लागतो." हे ऐकून लोक माना डोलवत. वहिनींना ती सोय नसे.

हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे दिव्यासमोर धरून विचारलं होतं, "डोक्यावरून ओझी वाहायचं काम होतं का तुमचं?"

"नाही," वहिनी म्हणाल्या होत्या, "दागिने घालायचं होतं."

डॉक्टरांनी एक्स-रेकडे पाहिलं, मग वहिनींच्या रिकाम्या कानांकडे पाहिलं, आणि आधी झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या. मणके एकमेकांवर बसले होते. मधली शीर दबली होती. बसता-उठता, चालता-फिरता पट्टा हवाच. काढायचा तो आडवं झाल्यावर. नाहीतर डावा हात कायमचा जाईल, असं त्यांनी लोखंडशेठकडे बघून सांगितलं होतं. वहिनींकडे बघून सांगून उपयोग नाही, हे त्यांच्या लवकर लक्षात आलं असावं.

आणि आज संग्रहालयाच्या बाई यायच्या होत्या.

देशातल्या सगळ्यांत मोठ्या संग्रहालयासाठी त्या वस्तू निवडत फिरत. लोखंडशेठची इच्छा आता एवढीच उरली होती, की आपला एक, एकच दागिना त्या काचेआड जावा. हात असा झाल्यापासून नवं काही व्हायचं नव्हतं. पिंपाचं कडं शेवटचं. त्यातही पाकळ्या सरळ लागल्या नव्हत्या आणि ते मुद्दाम तसं केल्याचं त्यांनी दोघा-तिघांना सांगूनही ठेवलं होतं. मूलबाळ नव्हतं. आपल्यामागे या सगळ्याचं काय होणार, हे त्यांनी एकदा धाकट्याला विचारलं होतं.

"दादा, तू अजिबात काळजी करू नकोस," धाकटा मायेनं म्हणाला होता. "भंगारवाला आपल्या ओळखीचा आहे."

त्यानंतर कितीतरी दिवस लोखंडशेठना जेवण गेलं नव्हतं. कामाच्या टेबलाशी बसून ते फळीवरचा एकेक दागिना बघत आणि त्यांना तो वितळताना दिसे. बरं, सगळे एकाच कढईत. म्हणजे निदान स्वतंत्र वितळण्याचाही मान नाही.

गॅलरी म्हणजे एका फर्निचरच्या दुकानाचा वरचा मजला होता. खाली सोफे, वर कला. वर येणाऱ्यांतले निम्मे जिना चुकलेले असत. आज उद्घाटनाला धाकटा होता, गॅलरीवाला होता, आणि एक तरुण जोडपं होतं, जे जेवणाचं टेबल बघायला आलं होतं आणि आता लगेच परत जायला लाजत होतं. दागिने पहिल्यांदाच भिंतीवर खिळ्यांना लटकत होते. अंगातून काढून टाकलेल्या कपड्यांसारखे ते निपचित दिसत होते. लोखंडशेठ त्यांच्याकडे बघायचं टाळत होते.

वहिनी मात्र सवयीनं मधल्या खुर्चीवर जाऊन बसल्या होत्या. मान वळत नसल्यामुळे कुणाकडे बघायचं तर त्या कमरेपासून सगळ्या वळायच्या. त्यामुळे त्या महाराणीसारख्या दिसतात, असं धाकट्याचं मत होतं.

"वहिनी, आज काय घातलंयत?" त्यानं जवळ येऊन विचारलं.

"आज सुट्टी."

"मग हे काय? छान दिसतंय की. सुटसुटीत आहे."

"भावोजी, तुम्हाला आणून देऊ का एक?"

"नको बुवा. गिऱ्हाइकापुढे मला दिवसभर नंदीबैल व्हावं लागतं. पट्ट्यात जमायचं नाही."

वहिनी हसल्या. हसलं की दुखायचं, म्हणून त्या फक्त डोळ्यांनी हसायला शिकल्या होत्या.

संग्रहालयाच्या बाई आल्या त्या एकट्याच. साधे कपडे, पायात सपाट चपला, आणि अंगावर दागिना म्हणावा असा एकही नाही. धाकट्याला त्यांची मनापासून दया आली. त्यांनी नमस्कार केला आणि सरळ भिंतीच्या एका टोकापासून सुरुवात केली. लोखंडशेठ अर्ध्या पावलाच्या अंतरानं मागे.

"ही पन्हळ. आमच्या जुन्या घरावरची."

"हं."

"ही साखळी. हिच्यात एकही जोड झाळलेला नाही, सगळे नुसते वळवलेत."

"छान."

"छान" हा शब्द लोखंडशेठनी जन्मभर ऐकला होता आणि त्याच्यामागून काय येतं ते त्यांना पाठ होतं. काही येत नाही. बाई काचांच्या दागिन्यापाशी गेल्या, दगडाच्या गेल्या, डांबराच्या गेल्या. प्रत्येकाला तेवढाच वेळ, तेवढाच आदर. परीक्षेला ओळीनं बसलेल्या मुलांवरून फिरणाऱ्या नजरेसारखी नजर. शेवटी पिंपाच्या कड्यापाशी त्या थांबल्या. बाईंनी एका पाकळीला बोट लावलं.

"जड असेल," त्या म्हणाल्या.

"त्याचं मला सांगता यायचं नाही," मागून वहिनींचा आवाज आला. "ते घालायचं राहिलं."

बाई वळल्या.

"शेजारचं डांबराचं विचाराल तर ते उन्हाळ्यात चिकटायचं. काढताना केस जायचे. पण वजनाचा त्रास नाही." वहिनी खुर्चीतच कमरेपासून भिंतीच्या पहिल्या टोकाकडे वळल्या. "पन्हळ दिसते जड, पण तशी नाही. फक्त तिच्या कडेला धार होती, ती या हाडावर बसायची. अजून बोट लावलं की कळते. साखळीनं उजवा खांदा गेला. काचांचा फार चांगला होता बिचारा, त्यात मला डुलकीसुद्धा लागायची. खाली मात्र बघता यायचं नाही, म्हणून त्या वर्षी मी दोनदा जिन्यावरून पडले. आणि तो दगडाचा. तो घातला की डाव्या हाताला मुंग्या यायच्या. मला आपलं वाटायचं, वय झालं."

तक्रारीचा सूर कुठं नव्हता. पाहुण्यांना घर दाखवावं तसं त्या दाखवत होत्या: ही बैठकीची खोली, हा माळा, इथं जरा गळतं.

लोखंडशेठ भिंतीशी उभे होते. यातलं एकही त्यांना नवीन नव्हतं. मुंग्यांचं वहिनींनी त्या त्या वेळीच सांगितलं होतं, आणि कामावरून डोकं न उचलता ते म्हणाले होते, "मुरतोय." सगळं ठाऊक होतं. फक्त असं ओळीनं, भिंतीवर लावलेल्या क्रमानं त्यांनी ते कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी हात पुढे करून साखळीचा दागिना सरळ केला. तो सरळच होता.

बाई खुर्चीपाशी गेल्या आणि चक्क गुडघ्यांवर बसल्या.

"मी जरा बघू?"

"बघा की," वहिनी म्हणाल्या आणि पट्ट्याची एक बाजू त्यांनी थोडी सोडली.

आत मान होती. पाणक्याच्या खांद्याला पडतात तसे तिला घट्टे पडले होते, एकाखाली एक. पट्ट्याच्या आतल्या पिवळट स्पंजावर एक तांबूस वर्तुळ उमटलं होतं, मधे तुटलेलं, कडेला फिकट होत गेलेलं.

"हे काय आहे?"

"गंज," वहिनी म्हणाल्या. "कातडीत बसलाय ना इतकी वर्षं. घामाबरोबर अजून निघतो. धुतलं तरी परत येतो."

बाई बराच वेळ त्या वर्तुळाकडे बघत राहिल्या. इतका वेळ त्या कुठल्याच खिळ्यापाशी थांबल्या नव्हत्या. मग उठल्या, गुडघे झटकले आणि लोखंडशेठकडे आल्या.

"एक घेईन म्हणते मी."

गॅलरीवाला उभा राहिला. जोडपंही कारण नसताना उभं राहिलं.

"कोणता?" लोखंडशेठनी विचारलं.

"तो." बाईंनी वहिनींच्या गळ्याकडे बोट केलं.

धाकटा मोठ्यानं हसला. दुसरं कुणी हसत नाही असं पाहून थांबला.

"बाई, तो औषधांच्या दुकानातला आहे," लोखंडशेठ म्हणाले.

"ते दिसतंय मला. रागावू नका. भिंतीवरचं काम चांगलं आहे, पण असं मी पुष्कळ ठिकाणी पाहिलंय. साखळी पाहिलीय, सिमेंट पाहिलंय, पन्हळसुद्धा पाहिलीय. हे नाही पाहिलं. याच्याबरोबर एक्स-रे असेल तर तोही पाठवा. तुमच्याच नावानं लागेल." त्या जरा थांबल्या. "तुमचंच काम आहे ना हे?"



"अहो, असा पट्टा पाहिजे तर मी नवा आणून देतो," धाकटा पुढे झाला. "कोपऱ्यावर दुकान आहे."

"नवा नको. हाच हवा. सकाळी समितीपुढे ठेवायचाय, तेव्हा आत्ताच नेते. खाली गाडी उभी आहे."

"आणि वहिनींनी तोवर काय करायचं?" धाकट्यानं विचारलं.

हा प्रश्न कुणालाच विचारलेला नसल्यासारखा मधे राहिला. लोखंडशेठनी वहिनींकडे पाहिलं. त्या सगळ्याच्या सगळ्या त्यांच्याकडे वळून बसल्या होत्या. दागिना डोक्यावर धरला की चढेपर्यंत त्या जरासा श्वास रोखून थांबायच्या, तशाच थांबल्या होत्या. नाही म्हणायला एक शब्द पुरला असता. लोखंडशेठच्या ओठांवर तो आलाही असावा, ओठ हलले.

"आतल्या बाजूला कंपनीचं लेबल आहे," ते म्हणाले. "तेवढं काढावं लागेल."

धाकट्यानं त्यांच्याकडे पाहिलं. दादाकडे बघून काही विनोद सुचला नाही, असं त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच झालं. "मी नवा घेऊन येतो," तो वहिनींना म्हणाला आणि धाडधाड जिना उतरून गेला.

खर्रकन आवाज झाला. पट्टा वहिनींनी स्वतःच सोडला, सवयीनं त्याची घडी केली आणि नवऱ्याच्या हातात दिली. मग दोन्ही तळहात जबड्याखाली नेऊन त्यांनी आपलं डोकं तोलून धरलं.

लोखंडशेठनी खिशातून बारकी कात्री काढली, चष्मा नाकावर आणला आणि खिडकीशी जाऊन लेबलाचे टाके उसवायला सुरुवात केली. हात थरथरत नव्हता. त्यांच्या ते लक्षात आलं आणि त्यांना इतकं मेल्याहून मेल्यासारखं झालं, की क्षणभर कात्री थांबली. पण थांबली तीही अगदी स्थिर.

"अहो, राहू द्या," बाई लगबगीनं आल्या. "लेबल असू दे. लेबल फार चांगलं आहे."

"काही टाके तुटलेत."

"तेही असू देत."

गॅलरीवाल्यानं खालून खोकं आणलं. बाईंनी पिशवीतून पांढरे हातमोजे काढून चढवले आणि दोन्ही हातांनी, झोपलेलं तान्हं मूल उचलावं तसा पट्टा उचलला. लोखंडशेठची वस्तू अशी कुणी कधी उचलली नव्हती. त्यांनी मान खाली घातली.

"पाटीवर तुमचं पूर्ण नाव काय लिहायचं?"

लोखंडशेठना क्षणभर आठवावं लागलं. त्यांनी ते सांगितलं. गॅलरीवाल्यानं आश्चर्यानं वर पाहिलं.

"आणि हिचं?" ते हळूच म्हणाले. "हिचंही लागेल का?"

"कलाकाराचं एकच लागतं हो," बाई म्हणाल्या. त्यांना खरंच वाईट वाटलेलं दिसलं. "पण खाली साहित्याची ओळ असते. स्पंज, गंज वगैरे. त्यात घालू आपण यांचं. जागा असते."

खोकं बंद झालं. बाईंनी वहिनींपुढे वाकून नमस्कार केला. वहिनींना हात जोडता आले नाहीत, त्यांनी पापण्या मिटून उघडल्या. बाई गेल्या, त्यांच्यामागून गॅलरीवाला खोकं सांभाळत गेला, आणि ही संधी साधून ते जोडपंही निसटलं.

वरच्या मजल्यावर दोघंच राहिली. भिंतीवर सगळे दागिने जिथल्या तिथं होते. कुठलाच खिळा रिकामा झाला नव्हता. खाली कुणीतरी सोफ्यावर बसून स्प्रिंगा दाबून बघत होतं, त्याची करकर वर येत होती.

लोखंडशेठ चालत खुर्चीपाशी आले. उघडी मान त्यांनी एवढ्या जवळून, एवढ्या उजेडात बघितली नव्हती. तिच्यावर नेहमी काहीतरी असायचं, निदान मापाची फीत तरी. पाकळ्या कशा बसल्यात ते बघायला वाकायचे, तसे ते आताही वाकले, आणि बघायला काहीच नसल्यामुळे तसेच वाकून राहिले.

"मी तुला जन्मभर..." त्यांनी सुरुवात केली. "हे बघ, माझ्यामुळे तुझं... मला आत्ता जे वाटतंय ना, ते..."

वहिनी दोन्ही हातांनी डोकं धरून बसल्या होत्या, काठोकाठ भरलेलं भांडं धरावं तशा.

"ते घरी गेल्यावर बोला," त्या म्हणाल्या. "आधी माझं डोकं धरा जरा. मला नाक खाजवायचंय."